चर बुजण्याआधी बघणारा माणूस



बेणे, लागण, खोडवा, खत आणि पाणी यांपलीकडे आम्ही या पानावर सहसा जात नाही. यावेळी मात्र विषय जमिनीखालून जाणाऱ्या पाइपलाइनचा आहे. त्यातही ती टाकली जात असताना कामावर उभा राहून तपासणी करणाऱ्या माणसाचा, म्हणजे इन्स्पेक्टरचा. ऊस विकास अधिकाऱ्याचे यात काय काम, असे आपण म्हणाल. आम्हीही तेच म्हणत होतो.

गेल्या ऊस नोंदीच्या वेळी आम्ही चिटबॉयला बरोबर घेऊन एका जुन्या सभासदांच्या शेतात गेलो होतो. सगळे त्यांना तात्या म्हणतात. चार एकर आडसाली, को ८६०३२, बांधावरून बघूनच समाधान वाटावे असा ऊस. पण मधोमध दहा-बारा पावले रुंदीचा एक पट्टा, दोरी धरून आखल्यासारखा सरळ, पार शेजाऱ्याच्या रानात गेलेला. त्या पट्ट्यात ऊस कमरेएवढा, कांडी आखूड, पाने केवडा पडल्यासारखी पिवळी. बांधावर गॅसच्या लाईनीची खूण सांगणारा खांब.

"साहेब, लाईन गेल्यापासनं ह्यो पट्टा असाच हाय. शेणखत घातलं, युरिया दिला, ऊस काय हलंना."

आम्ही कुदळ मागवली. पट्ट्याच्या मध्यावर उकरले तर वर पिवळसर चुनखडीचा मुरूम. काळी माती लागली ती दोन फूट खाली गेल्यावर. आमच्या अंदाजाने झाले असे, की चर काढताना वरची काळी माती आणि खालचा मुरूम यांचा एकच ढीग झाला. पाइपला खडा लागू नये म्हणून मऊ माती आधी खाली घातली, ती नेमकी काळी. उरलेला मुरूम वर लोटला आणि सपाट केला. बरे, चर असेल तीन-चार फुटांचा, मग पट्टा दहा-बारा पावलांचा का? तर दोन्ही बाजूंनी क्रेन, डोझर आणि पाइपांचे ट्रक फिरले, तेही ओल असताना. माती रस्त्यासारखी दाबून गेली. मुळी कुठे शिरणार?

तात्यांना विचारले, काम चालू असताना बघायला कोणी नव्हते का? "होता की. पांढऱ्या टोपीचा एक साहेब रोज यायचा. वेल्डिंग वाकून वाकून बघायचा. मातीकडं कवा बघितलं न्हाई."

पुढच्याच आठवड्यात दुसरे एक सभासद, अण्णा, गट ऑफिसला आले. त्यांचा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करून गुजरातेत पाइपलाइनच्या कंत्राटदाराकडे कामाला आहे. त्याला म्हणे एक अमेरिकन परीक्षा द्यायची आहे, नाव 'एपीआय ११६९'. फी डॉलरमध्ये. अण्णांनी मोबाईल पुढे केला. "साहेब, तुम्ही शिकलेले. हे खरं हाय का फसवाफसवी, तेवढं सांगा." आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो. दोन दिवसांचे दोन महिने झाले ते तात्यांच्या पट्ट्यामुळे.

परीक्षा खरी आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ही १९१९ सालची संस्था. तेल व वायू उद्योगात पाइप कसा असावा, टाकी कशी असावी, वेल्डिंग कसे तपासावे याची प्रमाणे ती ठरवते आणि त्या प्रमाणांना क्रमांक असतो. आपल्या उसाच्या वाणाला क्रमांक असतो तसाच. ११६९ हा क्रमांक नवी पाइपलाइन बांधताना करावयाच्या मूलभूत तपासणीचा. त्याची पहिली आवृत्ती २०१३ साली निघाली आणि तिच्या आधारे इन्स्पेक्टरांची परीक्षा सुरू झाली. परीक्षा संगणकावर होते. बसण्यासाठी शिक्षण व कामाचा अनुभव दोन्ही दाखवावे लागतात. मिळालेले प्रमाणपत्र ३ वर्षे चालते, पुढे नूतनीकरण.

आता हे सुरू का झाले? अमेरिकेत त्या आधीच्या काही वर्षांत नव्या लाईनी झपाट्याने पडत होत्या आणि सरकारी तपासणीत वेल्डिंग, पाइपावरचा लेप, चराची भरणी अशा साध्या कामांत दोष सापडू लागले. २००९ साली टेक्सासमध्ये सरकार, कंपन्या आणि कंत्राटदार यांना यासाठी एकत्र बसावे लागले. इन्स्पेक्टर म्हणून उभा असलेला माणूस नेमके काय शिकलेला आहे, हा प्रश्न ऐरणीवर आला. द्रव इंधनाच्या लाईनींबाबत तिथल्या केंद्रीय नियमात एक कलम आहे, ते आम्हाला फार आवडले: बांधकामाच्या ज्या टप्प्याची तपासणी करायची, त्या टप्प्याचे शिक्षण व पात्रता नसलेल्या माणसाला तपासणीस लावायचे नाही. म्हणजे वेल्डिंग कळणाऱ्याने वेल्डिंग बघावे. माती बघायला माती कळणारा हवा.

चुकीची तपासणी किती वर्षांनी अंगावर येते याचे एक उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. सॅन ब्रुनो या गावाखालून ३० इंची गॅसची लाईन गेली होती. १९५६ साली तिचा काही भाग हलवताना काही आखूड तुकडे जोडले गेले. त्या तुकड्यांची लांबीतली शिवण आतून जोडलेलीच नव्हती. चर बुजला, वर गाव वाढले. ९ सप्टेंबर २०१० रोजी संध्याकाळी लाईन फुटली. ८ माणसे गेली, ३८ घरे नष्ट झाली. चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने म्हटले, की हा दोष पाइप बसवताना डोळ्यांनी दिसण्यासारखा होता. चोपन्न वर्षे तो मातीखाली होता, आणि दिसण्याचे दिवस त्याआधीचे, चर उघडा असतानाचे, म्हणजे फार तर चार-दोन.

इन्स्पेक्टरचे काम त्या चार-दोन दिवसांचे असते. पाइप चरात सोडण्याआधी त्याच्यावरच्या लेपात सुईएवढे भोक राहिले आहे का हे बघायला विजेचे यंत्र पाइपावरून फिरवतात. भोक असेल तिथे ठिणगी पडते आणि यंत्र ओरडते. तिकडचे कामगार त्या यंत्राला 'जीप' म्हणतात. चराच्या तळाला अणकुचीदार दगड आहे का, पाइपखाली गादी बसली आहे का, वर पुरेशी माती येते का, हे सारे बघायचे. माणसांचा जीवही बघायचा. तिथल्या नियमानुसार ५ फूट किंवा त्याहून खोल चरात, अखंड खडक सोडला तर, कडा ढासळू नयेत म्हणून आधार देणे किंवा उतार काढणे भाग आहे, आणि काढलेली माती कडेपासून निदान २ फूट लांब ठेवायची. आपल्याकडे विहिरीचे, पाइपलाइनचे काम करताना माती अगदी काठावर रचलेली आम्ही रोज बघतो, आणि खाली वाकलेला माणूस आपल्याच गावचा असतो.

दाबचाचणीचे कलम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. द्रव इंधनाची लाईन सुरू करण्याआधी तिच्या कमाल दाबाच्या १२५ टक्के दाब निदान ४ तास सलग ठेवायचा. आणि चाचणी चालू असताना पाइप डोळ्यांनी बघता येत नसेल तर आणखी ४ तास ११० टक्के दाबावर. पाइप दिसत नसेल तर जास्त वेळ. किती साधी गोष्ट! आणि आम्हाला आमची एक सही आठवली.

गोष्ट २०११ सालची. एका उपसा योजनेच्या लाईनीचे काम चालू होते. योजनेचे नाव घेत नाही, जुन्या सभासदांना आठवेल. आम्ही शेतकी खात्यात तेव्हा नवे. वरिष्ठांनी सांगितले, "तुम्ही रोज शिवारात असताच, जाता-येता लाईनीकडे बघत जा." एवढीच आमची नेमणूक आणि एवढीच पात्रता. पाइप सिमेंटचे, जोडात रबराची रिंग. कंत्राटाच्या कागदात लिहिले होते, की चाचणी झाल्याशिवाय जोडावर माती टाकायची नाही. जूनचा पहिला आठवडा, पश्चिमेला ढग भरून आलेले. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, साहेब, पाऊस आला तर चर पाण्याने भरेल, पाइप तरंगतील. आज बुजवून घेतो, चाचणी मागून करू. म्हणणे पटण्यासारखे होते. पाइप खरोखर तरंगतात. रात्रभर जेसीबी चालला. सकाळी मोजमाप पुस्तकावर 'काम समाधानकारक' असे लिहून आम्ही सही केली. चाचणी मागून झालीच नाही, आणि आम्हीही पुन्हा विचारले नाही.

पहिला हंगाम गेला. दुसऱ्या वर्षी मार्च महिन्यात, पाण्याची पाळी ऐन तोंडावर असताना, ओढ्याजवळचा जोड सुटला. तो बसवला तर पुढचा सुटला. उकरून बघितले तेव्हा तीन जोडांत रिंग मुरडलेली होती. चर उघडा असताना कोणी बोट फिरवून बघितले असते तरी कळले असते. पण त्यासाठी बोट कुठे फिरवायचे ते माहीत असावे लागते. एकोणीस दिवस लाईन बंद राहिली. टेलच्या सभासदांचा सुरू ऊस आमच्या डोळ्यांदेखत सुकला. त्यांतल्या एका बाईंनी आम्हाला फक्त एवढेच विचारले, "भाऊ, बघायला तुम्हीच होता न्हवं?" त्या अजून आपल्या सभासद आहेत. कंत्राटदाराला दोष देणे सोपे आहे आणि तो त्याचा होताच. पण कागदावर सही आमची होती.

म्हणून प्रमाणपत्राला नुसता कागद म्हणायला आमची जीभ रेटत नाही. त्या कागदाने माणसाला दोन गोष्टी मिळतात. कुठे बोट फिरवायचे ते कळते. आणि ढग भरून आलेले असताना 'नाही, चाचणीआधी बुजवायचे नाही' म्हणायला हातात काहीतरी असते. धैर्य परीक्षेत मिळत नाही हे खरे. पण ज्याला नियमच माहीत नाही त्याच्या धैर्याचा उपयोग काय?

आता मातीकडे वळू, कारण आमचा खरा जीव तिथे. ११६९ मध्ये पर्यावरण हा वेगळा भाग आहे. शिवाय अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने गॅसच्या लाईनींसाठी माती सांभाळण्याची एक सविस्तर योजना घालून दिली आहे. ती वाचताना लिहिणाऱ्याने कधीतरी नांगर धरला असावा असे वाटते. लागवडीच्या रानात वरची माती वेगळी काढायची. थर एक फुटाहून जाड असेल तर निदान वरचे १२ इंच, कमी असेल तर शक्य तेवढा सगळाच थर. तिचा ढीग वेगळा. ती माती पाइपखाली गादी म्हणून वापरायची नाही, रस्त्याला टाकायची नाही, भराव म्हणून तर नाहीच नाही. (तात्यांच्या रानात जे झाले असे आम्हाला वाटते, ते इथे नाव घेऊन मना केले आहे.) काम झाल्यावर दाबलेली माती किती घट्ट झाली ते यंत्राने मोजायचे, जिथे फार घट्ट तिथे खोल नांगरट करून द्यायची. वरच्या एक फुटातले जास्तीचे दगड वेचायचे. आणि काम नीट झाले असे कधी म्हणायचे? तर त्या पट्ट्यातले पीक त्याच शेताच्या शेजारच्या, न उकरलेल्या भागातल्या पिकासारखे जोमदार दिसेल तेव्हा. पहिल्या आणि दुसऱ्या हंगामानंतर येऊन बघायचे. हे सारे बघणारा पर्यावरण इन्स्पेक्टर वेगळा असतो आणि नियम मोडला जात असेल तर काम थांबवण्याचा त्याला अधिकार असतो.

तरीही एक शंका राहते. इन्स्पेक्टरचा पगार लाईन टाकणारी कंपनी देते आणि कंपनीला घाई असते. शेतकऱ्याचा माणूस कोण? आयोवा नावाच्या राज्यात याचे उत्तर कायद्यातच आहे. आयोवा म्हणजे मक्याचे राज्य. तिथे मोठी लाईन शेतातून जाते तेव्हा जमीन पूर्ववत केली जाते की नाही हे बघायला काउंटीचे मंडळ, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी स्थानिक संस्था समजा, परवानाधारक अभियंत्याकडून तपासणी करवून घेते. खर्च मात्र पाइपलाइन कंपनीने सोसायचा. माणूस गावाचा, पैसा कंपनीचा. आपल्याकडे असे का असू नये, असे आम्हाला राहून राहून वाटते. सहकाराच्या प्रांताला हे जड जाऊ नये.

आपल्याकडे गॅसच्या किंवा पेट्रोल-डिझेलच्या लाईनीसाठी जमीन विकत घेत नाहीत. १९६२ च्या कायद्याने फक्त वापराचा हक्क घेतात. पहिली अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे हरकत देता येते. वापर हक्कापोटी त्या तारखेच्या बाजारभावाच्या १० टक्के मोबदला, आणि पीक-झाडे-जमीन यांच्या नुकसानीची भरपाई वेगळी. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते. त्या पट्ट्यात पुढे घर, विहीर, तळे, बंधारा करायचा नाही आणि झाड लावायचे नाही. ऊस चालतो, ऊस झाड नव्हे, गवतच ते. आपले बरेच सभासद भरपाईचा चेक मिळाला की विषय संपला असे धरतात. चेक त्या वर्षीच्या पिकाचा असतो. माती उलटी झाली तर नुकसान दरवर्षीचे, आणि ते ओळखायची वेळ चर बुजण्याआधीची.

अण्णांच्या मुलाबद्दल आम्ही असे सांगितले. परीक्षा द्यावी, पण क्लासवाल्यांच्या कागदाला प्रमाणपत्र समजू नये. ते फक्त संस्था देते. फी भरण्याआधी आपला अनुभव अटीत बसतो का ते बघावे. ही परीक्षा मूलभूत आहे, तिने माणूस वेल्डिंगचा तज्ज्ञ होत नाही. त्यासाठी अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचे वेगळे प्रमाणपत्र १९७६ पासून चालू आहे. परीक्षेत कायदे विचारतात ते अमेरिकेचे, आपला १९६२ चा कायदा त्यात नाही, तो स्वतः वाचावा लागेल. आणि नोकरीची हमी कोणी देत नाही. अण्णा ऐकून घेऊन म्हणाले, "मग मातीचं बी विचारत्यात म्हणता परीक्षेत? तेवढं तरी त्याला येईल. आमच्याबरोबर नांगरलंय त्यानं." मुलाने अर्ज भरला आहे.

तात्यांच्या पट्ट्यासाठी आम्ही धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडायला सांगितले आहे. वर कारखान्याचे कुजलेले प्रेसमड, आणि केवड्यासाठी फेरस सल्फेट शेणखतात मुरवून. पट्ट्याच्या कडांना सबसॉयलर चालवायचा आहे, पण तो कंपनीच्या माणसाला बोलावून, लाईन नेमकी कुठे आणि किती खोल आहे ते त्याच्याकडून दाखवून घेतल्यावरच. लाईनीच्या माथ्यावर खोल अवजार कोणीही आपल्या मनाने घालू नये. ही गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो.

ज्या सभासदांच्या गटातून अशी लाईन गेली आहे किंवा नोटीस आली आहे, त्यांनी सातबारा आणि नोटिशीची नक्कल घेऊन आपल्या गट ऑफिसला नोंद द्यावी. मातीचे दोन नमुने आणावेत: एक पट्ट्यातला, एक त्याच शेतातला पट्ट्याबाहेरचा. पिशव्या वेगळ्या, चिठ्ठी आत आणि बाहेर दोन्हीकडे. काम सध्या चालू असेल तर मातीचे ढीग किती आहेत, एक की दोन, याचा तारखेसह फोटो काढून ठेवावा आणि ढीग एकच दिसला तर त्याच दिवशी आम्हाला फोन करावा. उपसा योजनेच्या जुन्या लाईनीचे ओढ्याजवळचे पाइप या उन्हाळ्यात बदलायचे आहेत. चाचणीचा दिवस आधी फलकावर लावला जाईल. चर उघडाच असेल, आणि ज्यांना येऊन जोडांवरून हात फिरवून बघायचा असेल त्यांनी जरूर यावे. टेलच्या सभासदांना आम्ही स्वतः घरी जाऊन सांगणार आहोत.